बुडाले म्हणजे नक्की गेले कुठे?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

तुमच्या पेपरचा मी जुना वाचक आहे, म्हणजे आधी शब्दकोडं, मग पहिलं पान आणि मग चष्मा पुसून शेअर मार्केटचं पान असा रोजचा क्रम. हे पत्र त्या तिसऱ्या पानाबद्दल आहे, पण मध्ये मध्ये वेबसिरीज, फुटबॉल, निवडणूक असं बरंच काय काय येणार आहे, कारण आजकाल हे सगळं एकमेकांत इतकं मिसळलंय की मार्केटबद्दल लिहायला बसलं तर बाकीचं आपोआप येतंच.

तर मुद्दा असा की मार्केट पडलं की दुसऱ्या दिवशी सगळ्याच पेपरांत एक ठरलेलं हेडिंग येतं. 'गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले', नाहीतर 'स्वाहा', नाहीतर 'पाण्यात', आणि बाजूला डोक्याला हात लावून बसलेला एक माणूस. तो माणूस गेली कित्येक वर्षं तोच आहे असा मला दाट संशय आहे, फक्त त्याचा शर्ट बदलतो.

४ जून २०२४ आठवा. लोकसभेचा निकाल. शनिवारी संध्याकाळी एक्झिट पोल आले, सोमवारी सेन्सेक्स, म्हणजे मुंबई शेअर बाजारातल्या तीस मोठ्या कंपन्यांच्या भावांवरून काढलेला आकडा, अडीच हजार पॉइंट वर गेला, आणि मंगळवारी मतमोजणी सुरू झाली तसा जो घसरायला लागला तो ४,३८९ पॉइंट खाली येऊन ७२,०७९ वर बंद झाला. दुसऱ्या दिवशी सगळीकडे '३१ लाख कोटी बुडाले'. आमच्या घरी चहाच्या वेळी मिसेसने विचारलं, त्यात आपले किती? मी म्हटलं, एक पैसाही नाही, आपण काही विकलंच नाहीये. तर ती म्हणाली, शेजारचेही म्हणतात आमचे नाही, तुझा भाऊही म्हणतो माझे नाही, मग हे ३१ लाख कोटी आहेत तरी कोणाचे आणि ते गेले कुठे? मी अर्धा तास समजावलं आणि शेवटी ती म्हणाली, म्हणजे तुलाही माहीत नाही.

माहीत आहे हो, सांगायला जरा अवघड आहे इतकंच. समजा आमच्या सोसायटीत ४० फ्लॅट आहेत. त्यातला एक जण, त्याला घाई होती म्हणा किंवा घरात भांडण होतं म्हणा, त्याने आपला फ्लॅट पाच लाख कमीला विकला. आता हिशोब करणारा म्हणतो की बाकीच्या ३९ फ्लॅटचा भावही पाच लाखांनी उतरला, म्हणजे सोसायटीचे एकूण दोन कोटी बुडाले. प्रत्यक्षात ३९ जण आपापल्या घरात टीव्ही बघत बसलेत आणि त्यांना पत्ताच नाही की आपण बुडालो. मार्केट कॅप म्हणजे हेच, शेवटचा जो सौदा झाला त्या भावाने सगळ्याच्या सगळ्या शेअर्सना गुणायचं. यातले बरेचसे शेअर्स तर प्रमोटरकडे, म्हणजे कंपनीच्या मूळ मालकांकडे, आणि सरकारकडे पडून असतात, ते काय त्या दिवशी विकायला निघालेले नसतात. ज्याने त्या दिवशी घाबरून विकलं त्याचं खरंच गेलं, आणि ते ज्याने शांत डोक्याने घेतलं त्याच्याकडे आलं. बाकी जो आकडा आहे तो पाटीवर खडूने लिहिलेला, तो पुसला की दुसरा लिहितात.

आणि पुढची गंमत बघा, ५ जूनला सेन्सेक्स २,३०० पॉइंट वर, आणि ७ जूनला, म्हणजे अवघ्या तीन दिवसांत, ७६,६९३ वर बंद, तो तेव्हाचा विक्रम. त्या दिवशी कुठल्याही पेपरात 'बुडालेले लाखो कोटी सापडले' असं हेडिंग मी तरी वाचलं नाही, आणि डोक्याला हात लावलेल्या माणसाचा हसतानाचा फोटोही कोणी छापला नाही.

दुसरी तक्रार पॉइंटची. 'ऐतिहासिक घसरण' हा शब्द इतका स्वस्त झालाय की विचारू नका. २८ एप्रिल १९९२ ला, म्हणजे शेअर दलाल हर्षद मेहताचा घोटाळा बाहेर आल्यावर पाच दिवसांनी, सेन्सेक्स ५७० पॉइंट पडला होता. आज ५७० पॉइंट पडला तर कोणी चहाचा कप खाली ठेवत नाही, कारण ८० हजाराच्या घरात ते पाऊण टक्का पण नाही. पण तेव्हा सेन्सेक्सच साडेचार हजारांच्या आसपास होता, आणि ती घसरण जवळजवळ १३ टक्के होती. मी तेव्हा नोकरीत होतो, ऑफिसात ज्यांनी ज्यांनी शेअर्स घेतले होते त्यांचे चेहरे अजून आठवतात, जेवणाच्या सुट्टीत कोणी डबा उघडला नव्हता. नंतर कोविडमध्ये २३ मार्च २०२० ला ३,९३४ पॉइंट पडला तेही १३ टक्केच. आणि निकालाच्या दिवशीचे ४,३८९ म्हणजे पावणेसहा टक्के. म्हणजे पॉइंटने बघितलं तर तिन्हींत निकालाचा दिवस सगळ्यात भयंकर, टक्क्याने बघितलं तर त्याचा नंबर शेवटचा. आता सामान्य माणसाला हे कोण सांगणार? सेन्सेक्स जसा मोठा होत जाईल तसा दर दोन वर्षांनी एक 'इतिहासातील सर्वात मोठी घसरण' येणारच, त्यात इतिहास काही नाही, पाचवीचं गणित आहे.

आता कारणांकडे येतो, हा माझा सगळ्यात आवडता विषय. साडेतीनला मार्केट बंद होतं आणि चारपर्यंत सगळ्यांना कारण सापडलेलं असतं. पडलं तर 'नफावसुली', चढलं तर 'खालच्या पातळीवर खरेदी', आणि जागेवर राहिलं तर 'सावध पवित्रा'. हे तीन शब्द असले की कोणीही मार्केट तज्ज्ञ होऊ शकतो, मी घरी करून बघितलंय, नातीला पण जमतं. अमेरिकेत व्याजदर वाढणार म्हणून पडलं, आणि दुसऱ्या दिवशी चढलं तर म्हणे व्याजदर वाढीची भीती बाजाराने पचवली. एका रात्रीत पचवली! आमच्या वयात साधी भजी पचत नाहीत.

१३ मार्च २०२० चा दिवस मला याच्यासाठी फार आवडतो. कोविडची धास्ती सुरू झालेली, सकाळी मार्केट उघडलं आणि काही मिनिटांत निफ्टी, म्हणजे सेन्सेक्सचाच दुसऱ्या एक्स्चेंजवरचा भाऊ, १० टक्के खाली, लोअर सर्किट, म्हणजे घसरण मर्यादेला टेकली की लागणारा ब्रेक, पाऊण तास सगळा व्यवहार बंद. चॅनेलवाले ओरडतायत, फोनवर फोन. पुन्हा सुरू झालं आणि सेन्सेक्स जो वर निघाला तो थेट आदल्या दिवशीच्या वर १,३०० पॉइंटने बंद झाला. एकाच दिवशी, एकाच बातमीवर. सकाळी ज्यांनी पडण्याची पाच कारणं सांगितली त्यांनीच संध्याकाळी चढण्याची पाच सांगितली, आणि त्यांच्यातल्या एकालाही हसू आलं नाही. बरं त्यानंतर दहा दिवसांनी तो १३ टक्क्यांचा दणका बसलाच, म्हणजे सकाळवाले बरोबर होते असं म्हणावं तर तेही बंद घड्याळ चुकून बरोबर वेळ दाखवतं तसं.

उलट ७ मे २०२५ घ्या. रात्रीतून ऑपरेशन सिंदूर झालेलं, सकाळी उठलो तर सगळीकडे तीच बातमी, मला वाटलं आज मार्केटचं काही खरं नाही. भाच्याने तर सकाळी सातलाच मेसेज टाकला, काका सगळं विकू का? मी म्हटलं आधी दात घास. दिवसभर वर खाली झालं आणि बंद होताना सेन्सेक्स शंभरएक पॉइंट वर. इतकी मोठी बातमी आणि शंभर पॉइंट, तेही वर. शस्त्रसंधी झाल्यावर १२ मे ला मात्र एका दिवसात जवळजवळ तीन हजार पॉइंटची उडी. तेव्हा बातमीचा आणि मार्केटचा संबंध नसतोच असं मला म्हणायचं नाही, असतो, पण तो सासू-सुनेसारखा असतो, कधी कशावरून काय होईल ते घरच्यांनाही सांगता येत नाही.

याच्यावरून ती फुटबॉलवाली गोष्ट. जून २०२१, युरो कप चालू, पोर्तुगालचा रोनाल्डो पत्रकार परिषदेत येऊन बसला, समोर कोका-कोलाच्या दोन बाटल्या होत्या त्या त्याने बाजूला सरकवल्या आणि पाण्याची बाटली उचलून दाखवली. बास. जगभर बातमी, रोनाल्डोने बाटली हलवली आणि कंपनीचे ४ अब्ज डॉलर बुडाले. आमच्या ग्रुपवर ती बातमी मला एका दिवसात नऊ जणांनी पाठवली, खाली 'ताकद' असं लिहून. आता खरी गोष्ट काय, तर नेमका त्याच दिवशी तो शेअर एक्स-डिव्हिडंड झाला होता. म्हणजे त्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला यावेळचा लाभांश मिळणार नाही, म्हणून तेवढा भाव आपोआप कमी होऊनच उघडतो, हे कुठल्याही जुन्या गुंतवणूकदाराला माहीत असतं. वर पुन्हा भाव उतरायला लागला होता तो रोनाल्डो खुर्चीत बसायच्या आधीपासून. पण 'लाभांशामुळे भाव थोडा उतरला' ही काय फॉरवर्ड करायची बातमी आहे का? बाटली हवी, हिरो हवा, अब्ज हवेत.

आपल्याकडचं उदाहरण याच्याही वरचं आहे. एप्रिल २०२१, कोविडची दुसरी लाट, सगळा देश ऑक्सिजनसाठी धावतोय, आठवलं तरी अंगावर काटा येतो. त्या दिवसांत ज्या कंपनीच्या नावात ऑक्सिजन किंवा गॅस असेल तिचा शेअर पळत होता. त्यात बॉम्बे ऑक्सिजन इन्व्हेस्टमेंट्स नावाचा एक शेअर रोज अपर सर्किट, म्हणजे दिवसाला जितका चढू देतात तितका चढलेला, रोज अपर सर्किट, महिन्याभरात भाव दुपटीच्याही वर. आणि ती कंपनी ऑक्सिजन बनवतच नव्हती! गॅसचा धंदा तिने २०१९ मध्येच बंद केला होता, आता ती शेअर्स आणि म्युच्युअल फंडात पैसे गुंतवते, आणि नावात तसं 'इन्व्हेस्टमेंट्स' स्पष्ट लिहिलेलंही आहे. यात कंपनीचा काय दोष, लोकांनी नावाचा पहिला अर्धा भाग वाचला आणि बटण दाबलं. लग्न जमवताना आपण सात पिढ्यांची चौकशी करतो, फ्रीज घ्यायचा तर चार दुकानं फिरतो, आणि शेअर घेताना पूर्ण नावही वाचत नाही.

अफवा आणि बातमी यांच्या मागे धावायची आपल्या मुंबईची सवय जुनी आहे म्हणा. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस इंग्लंडला जाईना, म्हणून आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि मुंबईत पैशांचा पूर. प्रेमचंद रायचंद तेव्हाचे बाजाराचे राजे. समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, त्यातल्या बॅक बे कंपनीच्या शेअरचा भाव दसपट झाला, जो तो त्याच्यात. मग १८६५ मध्ये तिकडे युद्ध संपलं, आणि ती बातमी जशी मुंबईत पोचली तसा सगळा डोलारा खाली. तेव्हा ना मोबाईल ना चॅनेल, बातमी बोटीतून यायची, तरी माणसं बुडालीच. म्हणजे 'सोशल मीडियामुळे हल्ली असं होतं' हे जे आपण म्हणतो ना, ते तितकंसं खरं नाही, सोशल मीडिया फक्त बोटीपेक्षा फास्ट आहे. प्रेमचंदशेठनी भरभराटीच्या काळात युनिव्हर्सिटीला पैसे दिले त्यातून आईच्या नावाचा राजाबाई टॉवर उभा राहिला, तो अजून घड्याळ दाखवतोय. त्या तेजीतलं टिकलेलं म्हणजे हेच. रीलवाल्यांच्या तेजीतून काय टिकणार आहे बघू.

हो, रील. आता त्याच्याकडे यायलाच पाहिजे. आमच्या लहानपणी सिनेमात शेअरबाजार म्हणजे बापाने सगळं घालवलं, घराचा लिलाव झाला आणि हिरोला गाव सोडून मुंबईला यावं लागलं, एवढ्यापुरताच असायचा. घरातही शेअर म्हणजे सट्टा, सट्टा म्हणजे जुगार, आणि जुगार म्हणजे युधिष्ठिर, विषय संपला. पोस्ट, एलआयसी, एफडी, आणि फारच धाडसी माणूस असेल तर युनिट ट्रस्टचं युनिट. मग २०२० च्या ऑक्टोबरमध्ये लॉकडाऊनमध्ये सगळे घरात बसलेले असताना हर्षद मेहताच्या घोटाळ्यावर ती वेबसिरीज आली आणि चित्रच पालटलं. सिरीज उत्तम होती, यात वाद नाही, मीही दोन रात्रीत संपवली, मिसेस म्हणाली डोळ्यांचं ऑपरेशन झालंय विसरलास का. पण सिरीजचं ते संगीत पोरांच्या रिंगटोनला आलं, डायलॉग स्टेटसला आले, आणि भाच्याने डिमॅट, म्हणजे शेअर ठेवायचं खातं, उघडलं ते बरोबर तिसऱ्या एपिसोडनंतर. मी म्हटलं अरे शेवटपर्यंत तरी बघ. २०० रुपयांचा एसीसी सिमेंटचा शेअर नऊ हजारांच्या घरात गेला हे सगळ्यांना पाठ, पण तो बँकांच्या पैशावर गेला होता आणि त्यात घोटाळ्याचा आकडा चार-पाच हजार कोटींचा होता, आणि तो माणूस २००१ च्या ३१ डिसेंबरला ठाण्यात कोठडीत असतानाच गेला, हे कोणाच्या स्टेटसला नाही. आणि ज्या पत्रकार बाईंनी, सुचेता दलाल यांनी, २३ एप्रिल १९९२ ला ती बातमी फोडली, त्यांच्यासारखं व्हायचंय म्हणून कोणी पत्रकारितेला गेल्याचं मी तरी ऐकलं नाही. संपादक साहेब, हे तुम्हाला जास्त लागायला पाहिजे.

सगळंच त्या सिरीजमुळे झालं असं नाही अर्थात. स्वस्त डेटा, घरी बसून काम, मोबाईलवर दहा मिनिटांत खातं, आणि मार्च २०२० ला तळाला गेलेलं मार्केट जे वर निघालं ते जानेवारी २०२१ मध्ये ५० हजाराला टेकलं, म्हणजे त्या काळात डोळे मिटून काहीही घेतलं तरी चढत होतं. मार्च २०२० मध्ये देशात ४ कोटींच्या आसपास डिमॅट खाती होती, ऑगस्ट २०२३ मध्ये १० कोटी झाली. यातल्या बहुतेकांनी मोठी मंदी बघितलेलीच नाही, त्यांच्या मते मार्केट म्हणजे एस्केलेटर, उभं राहिलं की वर. आमच्या पिढीने शेअर सर्टिफिकेट कागदावर बघितलंय, ट्रान्सफर डीडवरची सही जुळली नाही म्हणून परत आलेली पाकिटं बघितलीत, पब्लिक इश्यूचे फॉर्म भरायला रांगा लावल्यात, आणि नव्वदच्या दशकात सागवानाच्या झाडांच्या स्कीममध्ये पैसे घालून त्या झाडांची वाटही बघितलीय. मी अजून बघतोय. झाडं कुठल्या जिल्ह्यात होती तेही आता आठवत नाही.

चांगलंही झालंय, ते सांगायला हवं. एसआयपीमधून, म्हणजे म्युच्युअल फंडातल्या महिन्याच्या हप्त्यांतून, एप्रिल २०२४ मध्ये पहिल्यांदा महिन्याला २० हजार कोटींच्या वर पैसे आले, त्यात आमच्या कामवाल्या मावशींच्या मुलीचे पाचशेही आहेत, हे मला स्वतःला माहीत आहे कारण फॉर्म मीच भरून दिला. क्रिकेटपटू जाहिरातीत येऊन सांगतात म्हणून का होईना लोक एफडीच्या पलीकडे बघायला लागले. फक्त त्या जाहिरातीच्या शेवटी जोखमीचं वाक्य जे म्हणतात, एका श्वासात, रेस लावल्यासारखं, ते जरा हळू म्हणायला काय होतं? सगळ्या जाहिरातीत तेवढंच एक वाक्य कामाचं असतं.

पण खरी आग लागलीय ती दुसरीकडे, आणि पेपरवाल्यांवर माझा खरा राग त्याच्यावरून आहे. ऑप्शन्स, कॉल-पुट, म्हणजे थोडे पैसे भरून ठरलेल्या दिवसापर्यंत भाव चढेल की उतरेल यावर लावलेली पैज. माझ्या मेव्हण्याने, रिटायर होऊन दोन वर्षं झाली, हुशार माणूस, आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशोब तपासले, त्याने मोबाईलवर एका पोराचे व्हिडिओ बघून एक्स्पायरीच्या, म्हणजे ती मुदत संपायच्या, दिवशी ऑप्शन घ्यायला सुरुवात केली. मागे गाडी उभी, हातात महागडं घड्याळ, आणि रोज नफ्याचा स्क्रीनशॉट. पहिल्या आठवड्यात मेव्हण्याने अठरा हजार कमावले आणि आम्हाला हॉटेलात जेवायला नेलं. ते जेवण मला अजून पचलेलं नाही, कारण पुढच्या चार महिन्यांत किती गेले ते त्याने अजून बहिणीलाही सांगितलेलं नाही, मला सांगितलं ते जिन्यात. त्या काळात आठवड्याच्या पाचही दिवशी कशाची ना कशाची एक्स्पायरी असायची, सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, तसं वारावर वाटून घेतलेलं, बुधवार बँक निफ्टीचा, गुरुवार निफ्टीचा, शुक्रवार सेन्सेक्सचा. आता सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, ते कमी केलं, एका एक्स्चेंजला आठवड्याला एकच, निफ्टीची मंगळवारी, सेन्सेक्सची गुरुवारी, आणि लॉट, म्हणजे कमीत कमी घ्यावी लागणारी संख्या, तीही मोठी केली. व्हिडिओवाल्यांना पण सांगितलं, शिकवायचंच असेल तर तीन महिन्यांपूर्वीचे भाव वापरून शिकवा, चालू भाव नाही. हा नियम वाचून मी मनापासून हसलो, कारण तीन महिन्यांपूर्वीच्या भावावर सगळेच हुशार असतात, मीसुद्धा.

आता ऐका आकडा. सेबीने स्वतः अभ्यास करून सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओमध्ये, म्हणजे फ्युचर्स आणि या ऑप्शन्समध्ये, उतरलेल्या एक कोटीहून जास्त सामान्य माणसांपैकी ९३ टक्क्यांचं नुकसान झालं, सरासरी माणशी साधारण दोन लाख, आणि सगळ्यांचं मिळून १.८ लाख कोटींच्या वर. त्यानंतरच्या वर्षाचा आकडा आला, ९१ टक्के नुकसानीत, आणि एका वर्षात १ लाख ५ हजार कोटी. हे पैसे खरे बुडालेले आहेत, संपादक साहेब. हे सोसायटीच्या फ्लॅटसारखे कागदावरचे नाहीत. हे खात्यातून गेले, तीन दिवसांनी परत आले नाहीत, आणि येणारही नाहीत. आणि ही बातमी मी वाचली ती आतल्या पानावर, खाली डाव्या कोपऱ्यात, हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहीर नोटिशीच्या वर. डोक्याला हात लावलेल्या माणसाचा फोटो जर कुठे शोभला असता तर तो तिथे, पण तिथे नव्हता.

तसंच सप्टेंबर २०२४ च्या शेवटी मार्केट ८५-८६ हजारांवरून जे उतरायला लागलं ते फेब्रुवारी २०२५ संपेपर्यंत उतरतच राहिलं. निफ्टी सलग पाच महिने खाली, असं १९९६ नंतर पहिल्यांदाच झालं, पंधरा टक्के गेले. पण रोज दोनशे, तीनशे, मध्येच एखाद दिवशी हजार, म्हणून त्याचं मोठं हेडिंग क्वचितच झालं. ज्यांनी वरच्या भावाला एसआयपी सुरू केली ते पाच महिने गप्प बसून लाल आकडे बघत होते आणि त्यातल्या अनेकांनी कंटाळून बंद केल्या. धबधब्याचा फोटो निघतो, गळणाऱ्या नळाचा निघत नाही.

म्हणून माझ्या साध्या मागण्या आहेत. पॉइंटच्या शेजारी टक्का छापा, त्याच साइजच्या अक्षरात. 'बुडाले'च्या जागी 'बाजारमूल्य घटलं' लिहा, आणि ते पुन्हा भरून आलं की त्याच पानावर त्याच जागी तेही लिहा. आणि ज्या दिवशी मार्केट का पडलं हे माहीत नसेल त्या दिवशी सरळ लिहा की आज मार्केट पडलं, कारण कळलं नाही. एकदा लिहून तर बघा, मी ते कात्रण कापून पाकिटात ठेवीन.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. कापावं लागलं तर मेव्हण्याचा भाग कापा, तोही तुमचाच पेपर घेतो आणि हे आधी वाचतो. टक्क्याचा भाग मात्र राहू द्या.

आपला,
एक जुना वाचक